भावाचा कुत्रा

बाल्फर्न
४ ऑक्टोबर २००४

प्रिय एफी,

कंबर कशी आहे? हे फोनवर विचारता आलं असतं, पण माझ्या कानांनी गेल्या वर्षी कायमचा राजीनामा दिला, हे तुला ठाऊक आहे. ज्याचा आवाज तीन शेतांपलीकडे जायचा त्याला आता स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. देव असेल असं मला वाटत नाही. असलाच तर विनोदी आहे.

पत्राचं कारण असं की आपल्या भट्टीचं शेवटचं पिंप सापडलं. एकशे चौदा नंबर. मार्च ८३, दुसरा आठवडा, असं झाकणावर अजून वाचता येतं. म्हणजे आपल्या रोरीच्या हातचं. एकवीस वर्षं ते परक्या गोदामात कोपऱ्यात पडून होतं, आणि आता एडिनबरातल्या फेनविक नावाच्या एका तरुण व्यापाऱ्याने ते विकत घेतलं आहे. तीस तारखेला, शनिवारी, आपल्या गावच्या सभागृहात तो ते उघडणार. चाळीस पाहुणे येतील, हॅम्बुर्गपासून ओसाकापर्यंतचे. ज्या भट्टीच्या धुराड्यात आज कावळ्यांची घरटी आहेत तिची व्हिस्की ते अंगठ्याएवढ्या पेल्यांतून हुंगतील आणि वहीत टिपणं काढतील.

फेनविक घरी आला होता. मी बहिरा म्हणून तो कागदावर लिहून दाखवतो. लिहिलं, "तुम्ही या भट्टीतले शेवटचे जिवंत कामगार. चार शब्द बोलाल का?"

मी म्हटलं, "शेवटचा नाही. एक भाऊ आहे. पण आमचं बोलणं नाही. आणि चार शब्दांत मी आजवर कुणाला चहाही विचारलेला नाही."

मी बोलणार आहे, एफी. आधी त्या पाहुण्यांना सांगीन की भट्टीतून दारू एकसारखी येत नाही. पहिली धार येते ती जहाल, ती बाजूला काढायची. मग मधली धार, तीच तेवढी पिंपात जाते. मग शेवटची, तिला ओल्या कातड्याचा वास असतो, ती परत भट्टीत ओतायची. मधली धार नेमकी कुठे तोडायची हे भट्टीवर उभा असलेला माणूस ठरवतो, आणि आमच्याकडे एकोणीस वर्षं तो माणूस माझा भाऊ रोरी रॅट्रे होता.

मग सांगीन की लीथच्या कंपनीने एका नमुन्यावर शेरा मारला: "शेवटच्या धारेचा वास. नापसंत." एवढ्या शब्दांवर तेवीस माणसांच्या तोंडावर फाटक बंद झालं. चौकशीत मी दोन तास उभा राहून बोललो की हा शेरा खोटा आहे, मालकांना कुलूप लावायला निमित्त हवं आहे. माझं बोलणं संपलं, आणि आपला भाऊ उठला. म्हणाला, धार मी उशिरा तोडली, चूक माझी. आणि कागदावर सही केली. मी त्याला भर सभेत कंपनीचा कुत्रा म्हणालो. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द बोललो नाही.

आता ते पिंप बोलेल. व्हिस्की स्वच्छ निघाली तर शेरा खोटा होता हे सिद्ध होईल, आणि रोरीने आपली सही विकली हेही. हातात पेला धरून मी ते चाळीस जणांसमोर सांगणार आहे.

तू त्या वर्षांत कंपनीच्या नमुन्यांच्या खोलीतच होतीस. तो शेरा कुणी लिहिला ते शोधून काढ. मला नाव हवं.

तुझा भाऊ
डूगल


लीथ
९ ऑक्टोबर २००४

प्रिय डूगल,

हाड जुळतंय, पण जिना उतरायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून तीस तारखेला मी येणार नाही. शेजारीण हॅडक मासा आणून देते आणि तो कसा शिजवावा यावर मला उपदेश करते. बाकी ठीक.

रोरी जुलैपासून एल्गिनच्या शुश्रूषागृहात आहे. तुला कुणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. फुप्फुसं गेली आहेत. मी दर बुधवारी फोन करते, तिथली कर्स्टी नावाची परिचारिका त्याच्या कानाशी धरते. दोन वाक्यांनंतर त्याला धाप लागते. या बुधवारी त्याने पहिलं वाक्य विचारलं, "डूगल नीट जेवतो का?" आणि दुसरं, "त्याला सांग, तुझा कुत्रा बरा आहे. मी सांभाळतोय."

तू कुत्रा कधी पाळला होतास? आई तर मांजरालाही उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती. कर्स्टी म्हणते, ते रोज भावाच्या कुत्र्याबद्दल बोलतात. तिथे जनावरं ठेवत नाहीत, म्हणून ती नुसती मान हलवते. औषधांनी डोकं भरकटत असेल. पण डूगल, भरकटलेल्या डोक्यातही तुझंच काहीतरी सांभाळतोय तो.

तू जा. बसने चाळीस मिनिटं लागतात. तीस तारखेची वाट बघू नकोस.

नावाचं म्हणशील, तर इतक्या वर्षांनी कोण सांगणार? त्या नोंदवह्या कधीच रद्दीत गेल्या असतील.

तुझी
एफी


बाल्फर्न
१३ ऑक्टोबर २००४

प्रिय एफी,

माझ्याकडे कुत्रा नव्हता आणि नाही. त्याचं डोकं गेलं असेल. वाईट वाटलं.

पण मी वाईट वाटण्याला भुलणारा माणूस नाही. तू सोळाव्या वर्षी लीथला गेलीस, म्हणून तुला भट्टीतला दिवस आतून ठाऊक नाही. सकाळी सातला, अकराला आणि सुटताना, असा तीनदा प्रत्येकाला एक घोट मिळायचा. बैलाच्या शिंगाच्या पेल्यातून. ती कुणाची दया नव्हती, वेतनाचा भाग होता. आपल्या बापाने तो घेतला, त्याच्या बापाने घेतला. रोरीला भट्टी सोडून रांगेत येता यायचं नाही, म्हणून त्याचा पेला मी घेऊन जायचो. पंधरा वर्षं, दिवसातून तीनदा, सांडू न देता लोखंडी जिना चढून. तो पेला घ्यायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "काल मी पाच मिनिटं घाई केली." रोज तेच. मी म्हणायचो, "पी गाढवा, परीक्षा नाहीये ही."

एकोणऐंशी साली घोट बंद केला. कारण दिलं, तुमच्या सुरक्षिततेसाठी. त्या दुपारी मी पिंपावर उभा राहून बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण होतं, हे आजही म्हणतो. मी म्हणालो, जे आपलं होतं ते परत घेणं ही चोरी नाही. लोक टोप्या उडवत होते. आणि रोरी वर जिन्यावरून म्हणाला, "मला यात धरू नकोस, डूगल. देतील तेव्हा पिईन." त्याला तेव्हाच ओळखायला हवं होतं. आम्ही बाकीच्यांनी आमचा मार्ग काढला. तो तुला सांगण्यासारखा नाही.

जाईन मी एल्गिनला, पण तीस तारखेनंतर. पुरावा हातात असल्याशिवाय त्याच्यासमोर उभा राहणार नाही. एकवीस वर्षांनी जायचं तर रिकाम्या हातांनी कशाला जायचं?

आणि नाव. तू टाळते आहेस असं मला वाटतं. जुन्या मैत्रिणीला वाचवते आहेस का? तिला सांग, बाल्फर्नचा एक म्हातारा विचारतोय की त्या सकाळी तिच्या नाकाला काय झालं होतं.

डूगल


लीथ
२० ऑक्टोबर २००४

डूगल,

सहा दिवस हा कागद समोर आहे. आता लिहिते.

तो शेरा मी लिहिला.

त्या खोलीत वास घेणारे आम्ही चौघं होतो. बाटल्या नुसत्या आकड्यांनी यायच्या, भट्टीचं नाव नसायचं. कुणी आपल्या गावाला झुकतं माप देऊ नये म्हणून. ती सदतिसावी होती. मी नेहमीप्रमाणे अर्धं पाणी घातलं आणि पेला नाकाशी धरला. पहिल्यांदा आलं ते ओलं कातडं, शेकोटीशी वाळत ठेवलेला जुना जोडा. मग त्याच्या खाली, खूप खाली, गॉर्सच्या पिवळ्या फुलांचा तो खोबऱ्यासारखा वास. मे महिन्यातला आपला ओढा. माझा हात थांबला. मी मनात म्हटलं, ही आमची नसणार, आमचा रोरी असं काढत नाही. तीनदा वास घेतला. तीनदा तेच. आणि जे होतं ते लिहिलं.

महिन्याभराने वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला सदतिसावी बाटली कोणाची होती ते कळलं.

त्या उन्हाळ्यात मी रोरीकडे गेले. तुला सांगितलं नव्हतं. तू तेव्हा गावोगाव सभा घेत होतास. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहा केला, ओटची भाकरी कापली, लोणी लावून दिली. म्हणाला, "तू बरोबर लिहिलंस. तुझं नाक कधी चुकलं नाही." मला वाटलं, तो चूक कबूल करतोय. एकवीस वर्षं मी तसंच धरून चालले, की त्याच्या हातून एकदा धार उशिरा तुटली, आणि ती माझ्याच नाकाखाली यावी हे आमचं नशीब.

म्हणून सांगते, शेरा खोटा नव्हता. नमुना खरंच बिघडलेला होता. आणि भट्टी तशीही बंद झालीच असती. त्या वर्षी खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलपं लागली, गोदामांत माल पडून होता. माझा शेरा त्यांना आयता मिळाला, इतकंच.

आता तुझ्याजवळ नाव आहे. त्या शनिवारी चाळीस माणसांसमोर ते घे हवं तर. पण रोरीला सोड.

एफी


बाल्फर्न
२३ ऑक्टोबर २००४

एफी,

पत्र पोचलं. तुझ्यावर रागावलेलो नाही. रागावलो असतो तर आठ पानं आली असती, हे तुला माहीत आहे.

दोन प्रश्न. नमुना सदतीस कोणत्या आठवड्याचा होता, आठवतं का? आणि बाटलीवरची लाख फुटलेली होती का?

डूगल


लीथ
२६ ऑक्टोबर २००४

डूगल,

मार्चचा दुसरा आठवडा. तुझ्या त्या पिंपाचाच. लाख शाबूत होती, वर अबकारीचा शिक्का होता. जे काही झालं ते बाटली भरण्याआधी झालं. आणि पिंप चाखून तुला कळणार आहे ते एवढंच, की रोरीची चूक होती की नव्हती. शेवटची धार पिंपात मरत नाही, म्हातारी होते. एकवीस वर्षांनंतरही मी ती दारातून ओळखीन.

पण हे सगळं राहू दे. आज कर्स्टीचा फोन आला. त्याने रविवारपासून अन्न घेतलेलं नाही. ती म्हणाली, कुणाला यायचं असेल तर आता यावं. मला जिना उतरता आला असता तर मी सरपटत गेले असते. तुझे पाय धड आहेत. उद्याची बस आहे, परवाची आहे.

पुराव्याचं काय करायचंय तुला, डूगल? तो न्यायालयात नाही, खाटेवर आहे.

एफी


बाल्फर्न
३१ ऑक्टोबर २००४, रविवार

एफी,

मी गेलो नाही. आज जाणार होतो, पण रविवारी बस नाही, हे मी आयुष्यभर या गावात राहून विसरलो. शेजारच्या दोन घरांची दारं ठोठावली, सगळे एकाच गाडीत बसून इन्व्हर्नेसला गेलेत. उद्या सकाळच्या पहिल्या बसने जातो. तोपर्यंत हे लिहितो, कारण हे लिहिल्याशिवाय मला बसता येत नाही.

काल सभागृहात लांब टेबलांवर पांढरे कागद अंथरले होते आणि प्रत्येकासमोर पाच पेले होते. आधी चार जुने माल, शेवटी एकशे चौदा. लोक हुंगत होते आणि लिहीत होते. माझ्या डावीकडे हॅम्बुर्गचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने वहीत लिहिलेलं मला कौतुकाने दाखवलं, "आजोबांचं कपाट." मी त्याखाली लिहिलं, "आजोबा काय ठेवत होते त्यात?" तो इतका हसला की मला ते ऐकू आल्यासारखं वाटलं. उजवीकडे ओसाकाची एक बारीकशी बाई. शेवटच्या पेल्यावर तिने बराच वेळ डोळे मिटले, मग काहीतरी लिहिलं आणि फेनविककडून इंग्रजीत करून घेऊन माझ्याकडे सरकवलं: "खोबरं. ऊन. वाहतं पाणी."

तिने आपला ओढा कधी बघितलेला नाही.

मग मी पेला उचलला. एफी, स्वच्छ. ओल्या कातड्याचा केसभरही वास नाही. त्याने धार जिथे तोडायला हवी तिथेच तोडली होती, मिनिटाचाही फरक नाही. चाळीस तोंडं माझ्याकडे वळली होती. भाषण खिशात होतं, सात पानं. मी उठलो. आणि मला कळलं की तुझं नाक खोटं नाही, पिंपही खोटं नाही, मग या दोघांच्या मधे काय होतं? मधे नमुन्याची बरणी होती. आणि बरणीपाशी मी होतो.

मी म्हणालो, "हे माझ्या भावाने काढलं आहे." आणि बसलो.

तेराव्या तारखेच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. माझ्याकडे कुत्रा होता. तो शब्द वाचताच मला काय ते कळलं होतं, आणि तरी मी लिहिलं की रोरीचं डोकं गेलं.

बायकांना आणि साहेबांना आम्ही तो शब्द कधी कळू दिला नाही. कुत्रा म्हणजे तांब्याची एक नळी, वीतभर लांब. खालचं तोंड पेनीचं नाणं झाळून बंद केलेलं, वरच्या तोंडाला बूच, आणि दोरीने पँटच्या आत मांडीशी टांगलेली. मालकाबरोबर चालतो आणि भुंकत नाही, म्हणून कुत्रा. घोट बंद झाला तेव्हा माझा मी बनवला. तळाला अठ्ठावीस सालची पेनी, माझ्या जन्माची. नमुन्याची दारू आठवडाभर एका बरणीत साठायची आणि शुक्रवारी तिच्यातून बाटली भरून लाख लावायचे. ती बरणी माझ्या ताब्यात होती. मी तिच्यातून कुत्रा भरायचो आणि बारा जणांना वाटायचो. घट भरायला पाणी घातलं असतं तर अबकारीच्या मापाने पकडलं असतं, म्हणून शेवटच्या धारेच्या टाकीतून घालायचो. कडक असते ती, माप फारसं हलत नाही. घोटभराने काय बिघडतं, असं मी म्हणायचो. आणि मार्चच्या त्या दुसऱ्या आठवड्यात गोदामातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. मी खूप काढली. खूप घातली.

तू त्या बाटलीत रोरीला हुंगलं नाहीस. मला हुंगलंस.

शेरा आल्यावर अबकारीवाले फाटकाशी झडती घ्यायला आले, तेव्हा मी कुत्रा भट्टीघरात कोळशाच्या ढिगामागे टाकला. संध्याकाळी परत गेलो तर नव्हता. वाटलं, कुणीतरी भट्टीत फेकला असेल. मी विचारलं नाही, सुटलो एवढंच मनात आलं. तरी शेरा खोटा आहे असं मी चौकशीत ओरडून सांगितलं, आणि तुला सांगतो, मला ते खरंच वाटत होतं. मी इतका चांगला बोलत होतो की मलाच पटत होतं.

रोरीने तो उचलला असणार. बूच काढून वास घेतला असणार. जो माणूस नाकावर एकोणीस वर्षं धार तोडत होता त्याला तो वास कळायला किती वेळ लागला असेल? कर न भरलेली दारू चोरणं म्हणजे मला तुरुंग होता आणि बारा जणांना नुकसानभरपाई मिळाली नसती. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. आणि मी त्याला काय म्हणालो ते तुला माहीत आहे.

फेनविककडून एकशे चौदाचा एक घोट औषधाच्या बाटलीत मागून घेतला आहे. बापाचा शिंगाचा पेला आत्ताच धुतला. उद्या अकराच्या आत पोचतो. सांगणार काय ते ठरवलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

डूगल


लीथ
२ नोव्हेंबर २००४

डूगल,

रविवारी संध्याकाळी कर्स्टीचा फोन आला. तुझं पत्र आज आलं, म्हणजे तू ते लिहीत होतास तेव्हा तो होता, आणि पेटीत टाकून घरी पोचलास तोवर बहुधा नव्हता. तुला कळवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. बहिऱ्या माणसाला हाक तरी कशी मारायची.

मी रागावलेली आहे. ते तुझ्यापाशी आत्ताच बोलून घेते, म्हणजे नंतर उरणार नाही. तो चहा आणि ती ओटची भाकरी मला आठवते. त्याने माझ्यासमोर बसून माझ्या नाकाची स्तुती केली आणि तुझं नाव काढलं नाही. आपण दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याला दोषी धरलं, मी गप्प राहून आणि तू ओरडून.

डॉक्टर अजून सोडत नाहीत. शुक्रवारी तू एकटाच असशील. मला सगळं लिही. काही गाळू नकोस, भाषणही करू नकोस.

एफी


बाल्फर्न
६ नोव्हेंबर २००४

प्रिय एफी,

काल त्याला आईच्या शेजारी ठेवलं. तेवीस जणांपैकी मी सोडून कुणीच उरलेलं नाही, पण त्यांची मुलं आली होती, नऊ-दहा जण. फेनविकही आला, ओल्या गवतात चांगले बूट घालून. पाद्र्याने मला खूण केली, तुम्ही बोलणार का. मी मान हलवून नाही म्हटलं. तो बुचकळ्यात पडला. या गावात माझ्या भाषणाशिवाय कुणाचं अंत्यकार्य झालेलं त्याला आठवत नसावं.

अकरा वाजता मी तो घोट शिंगाच्या पेल्यात ओतला आणि घेऊन गेलो. चढ आहे तिथे, तुला आठवतं. सांडला नाही. त्याच्या बाजूला ओतला आणि म्हटलं, "पी गाढवा." पाद्र्याने टोपी नीट केली. आता मला तो गाढवासारखा वागला असंही म्हणता येत नाही.

तू सगळं लिही म्हणालीस, म्हणून सोमवारचं आता लिहितो. ते आधी लिहायला हवं होतं, पण जमलं नाही.

पावणेअकराला पोचलो. दारातल्या मुलीने वहीत लिहून विचारलं, "आपण कोण?" मी नाव सांगितलं. ती आत गेली आणि एका बाईला घेऊन आली, ती कर्स्टी. केस लाल, हात मोठे, डोळे सुजलेले. तिने माझं कोपर धरलं आणि मला खोलीत नेलं. गादी गुंडाळलेली होती, खिडकी उघडी होती. मला काही लिहून सांगावं लागलं नाही. तरी तिने लिहिलं, "काल संध्याकाळी सहा. त्रास झाला नाही." मी म्हटलं, रविवारी बस नसते. तिने मान हलवली. ती सारखी मान हलवत होती, जशी त्याच्यासमोर हलवत असणार.

मग तिने लिहिलं, "मला वाटलं होतं, खरा कुत्रा आहे. ते रोज सांगायचे, भावाचा आहे, तो न्यायला येईल. परवा मी विचारलं, चावतो का? तर हसले. म्हणाले, चावत नाही, भुंकतही नाही. मग उशीखालून आम्ही नेहमी घासायचो तीच नळी काढली आणि म्हणाले, हाच तो."

तिने खाटेजवळच्या कपाटातून तो काढला. एफी, तो चकाकत होता. आपल्या स्वयंपाकघरातली भांडीही कधी इतकी चकाकली नाहीत. ती म्हणाली, म्हणजे लिहिलं, की दर शनिवारी ते चिंधी आणि पॉलिश मागायचे, हात थरथरायला लागल्यावर ती धरायची आणि ते घासायचे. बूच नवीन होतं. दोरीही नवीन होती. तळाची पेनी इतकी घासली गेली होती की तिच्यावरची राणी पुसून गेली आहे, की राजा होता तेव्हा, विसरलो, पण साल अजून लागतं. अठ्ठावीस.

मी बूच काढून वास घेतला. पॉलिशचा होता फक्त.

व्हरांड्यात दहा-बारा म्हातारे खुर्च्यांवर ओळीने उन्हाला बसले होते. कर्स्टी मला त्यांच्यामधून बाहेर सोडायला आली. मी तो हातातच धरला होता. दारापाशी तिने वही पुढे केली. लिहिलं होतं, "म्हणजे हाच न्यायला आला होतात ना?"

मी हो म्हटलं. किती मोठ्याने म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण ओळीतल्या सगळ्या माना वळल्या.

तुझा भाऊ
डूगल